सहरीचे ताट आणि मेसची वेळ

विद्यापीठाच्या वसतिगृहात मेसच्या दाराशी एक वेळापत्रक लावलेले असते. नाश्ता साडेसात ते नऊ, दुपारचे जेवण बारा ते दोन, रात्रीचे साडेसात ते नऊ. शहर बदलले की अर्ध्या तासाचा फरक पडतो, बाकी सगळीकडे साधारण हेच. रमजानचा चंद्र दिसला की या वेळापत्रकातल्या पहिल्या दोन ओळी रोजेदार विद्यार्थ्याच्या कामाच्या राहत नाहीत. यंदाच्या दिवसांत महाराष्ट्रात सहरीची वेळ पहाटे साडेपाचच्या आसपास संपते आणि इफ्तार संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला होतो. म्हणजे मेस उघडते तेव्हा रोजा सुरू होऊन दोन तास झालेले असतात आणि रोजा सोडायची वेळ होते तेव्हा मेसला कुलूप असते. पैसे मात्र महिन्याचे पूर्ण भरलेले असतात.

तक्रार तशी लहान आहे. महिनाभर पहाटे केळी, बिस्किटे आणि रात्रीच्या उरलेल्या पोळ्या खाल्ल्याने कोणाचे प्राण जात नाहीत. बहुतेक मुले ती करतही नाहीत. रोजा म्हणजे सब्र, त्यात जेवणाची कसली कुरकुर, असे घरचेही फोनवर सांगतात. रेक्टरांना कोणी विचारलेच नाही, म्हणून त्यांनीही कधी विचार केलेला नसतो. पण वसतिगृहात एकत्र राहणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर पहाटे चार वाजताच्या बंद मेसइतकी चांगली जागा दुसरी नाही.

मुलांचे निभावून जाते. शहरात मशिदीच्या आसपास रमजानभर पहाटेपर्यंत चहाच्या टपऱ्या, नहारीची हॉटेले चालू असतात. तिघे-चौघे मिळून दुचाकीवर जातात, खाऊन येतात. रखवालदार ओळखीचा असतो, रजिस्टरमध्ये सही करून गेट उघडतो. खोलीत चोरून कॉइल लावून अंडी उकडणारेही असतात आणि ती सापडली की दंड भरणारेही. मुलींच्या वसतिगृहात यातले काहीच चालत नाही. तिथले गेट संध्याकाळी जे बंद होते ते सकाळीच उघडते. कॉइल, इंडक्शन, इलेक्ट्रिक किटली यांवर बंदी असते, आणि वायरिंगचा भार पाहता ती रास्तही आहे. मग परभणी, भुसावळ किंवा महाडच्या मुस्लिम घरातून आलेली एम.एस्सी.ची मुलगी पहाटे खोलीतला दिवा न लावता, मोबाईलच्या उजेडात, रूममेटची झोप मोडू नये म्हणून स्टीलचा डबा हळूच उघडते. डब्यात रात्री मेसमधून आणून ठेवलेला भात असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तो कधी कधी आंबलेला निघतो. मग पाणी पिऊन नियत केली जाते आणि सकाळी अकराला प्रॅक्टिकल असते.

मुलांची सहरी हा मौजेचा विषय असू शकतो, मुलींची सहरी हा सोयीचा प्रश्न आहे. वसतिगृहांवर चर्चा करणाऱ्या बहुतेकांनी फक्त मुलांचेच वसतिगृह आतून पाहिलेले असते, त्यामुळे हा फरक चटकन लक्षात येत नाही.

आता यावर नेहमीचा आक्षेप असा की विद्यापीठ सरकारी आहे, धर्म ज्याचा त्याने घरी पाळावा, मेसने कोणाकोणाचे पाहायचे? आक्षेप गैर नाही, पण मेसला तो लागू पडत नाही. कारण मेस हे काम वर्षानुवर्षे करत आली आहे, आणि चांगले करत आली आहे. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी होते. श्रावणी सोमवारी, महाशिवरात्रीला, नवरात्राच्या नऊ दिवसांत किती जण उपवासाला आहेत याची यादी मावशी आदल्या रात्री ताटे वाढतानाच तोंडी करून टाकतात. वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, दही हे सगळे नोटीस न लावता, ठराव न करता होते. कोणी त्याला धर्माचे लाड म्हणत नाही आणि म्हणूही नये. उपाशी मुलाला त्याच्या उपवासाला चालेल असे काहीतरी द्यायचे, इतकी साधी समज त्यामागे आहे. सहरी तिच्याच पुढची पायरी आहे. पदार्थ तर वेगळे लागतच नाहीत. पोळी, भाजी, वरण, दही, केळे. बदलायचे आहे ते घड्याळ.

घड्याळाचाही एक गमतीचा योग आहे. चौविहार पाळणारे जैन विद्यार्थी सूर्यास्ताच्या आत जेवतात. रोजेदार सूर्यास्त झाल्या क्षणी खजूर तोंडात टाकतो. एकाचे जेवण जिथे संपते, तिथे दुसऱ्याचे सुरू होते. दोघांनाही रात्रीच्या आठच्या जेवणाचा उपयोग नाही, आणि दोघेही मेसला ‘थोडे लवकर मिळेल का’ असे वेगवेगळे विचारत असतात. संध्याकाळी सहाला एक खिडकी उघडली की दोघांचे काम होते. सांगली-कोल्हापूरकडच्या वसतिगृहांत जैन मुलांची संख्या चांगली असते, मुस्लिम मुलेही असतात. पण दोन्ही गटांनी मिळून एक अर्ज दिल्याचे सहसा ऐकू येत नाही.

कोल्हापूरचे नाव निघाले की वसतिगृहांच्या इतिहासाला टाळून पुढे जाता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी आधी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते. बहुजनांची मुले तिथे टिकली नाहीत. मग १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यामागोमाग जैन, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९०६ मध्ये महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह आले. दसरा चौकात उभे राहिले तर यातल्या काही इमारती आजही एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर दिसतात. वेगळी बोर्डिंगे हा त्या काळाचा नाइलाज होता. मुलगा शहरात राहिला तरच शिकणार होता, आणि आपल्या जातीच्या पंगतीत जेवायला मिळाले तरच राहणार होता.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आला. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात जे बोर्डिंग काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वतः दळण-स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव मिळाले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही, ही गोष्ट रयतच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शाहू महाराजांच्या बोर्डिंगांनी मुलांना शहरात आणले आणि साताऱ्याच्या बोर्डिंगने त्यांना एका पंगतीत बसवले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आज मागणी बहुधा उलट्या दिशेने होते.

मुस्लिम समाजातले काही शहाणे लोक म्हणतात, मेसशी भांडत बसण्यापेक्षा आपले वेगळे वसतिगृह काढावे. हलाल जेवण, नमाजाची खोली, सहरी-इफ्तार, सगळेच सोडवून टाकावे. अल्पसंख्याक मुलींसाठी शासनाची वसतिगृहे काही जिल्ह्यांत आहेत आणि त्यांची गरज आहेच. तालुक्याच्या गावातून मुलीला शहरात पाठवायला कचरणारा बाप त्या पाटीकडे पाहूनच तयार होतो. तो आज १९०६ च्या पायरीवर उभा आहे, त्याला हसण्यात अर्थ नाही. पण पदव्युत्तर विद्यापीठाच्या आवारात, जिथे मुलगी एकदा पोचलीच आहे, तिथेही तिच्यासाठी वेगळी इमारत मागणे म्हणजे साताऱ्याहून परत दसरा चौकात येणे. अशा इमारतीत तिची सहरी नीट होईल. मात्र शेजारच्या कॉटवरच्या मुलीला सहरी म्हणजे काय हे कधीच कळणार नाही.

उर्दूत वसतिगृहाला ‘इकामतगाह’ म्हणतात. इकामत म्हणजे मुक्काम, वास्तव्य. जमात उभी राहण्याआधी जी छोटी बांग दिली जाते, तिलाही इकामतच म्हणतात. एका ठिकाणी ठरून राहणे आणि इतरांच्या ओळीत उभे राहणे या दोन्हींना एकच शब्द असावा हा भाषेचा योगायोग असेल, पण वसतिगृहाला तो छान शोभतो.

वसतिगृहात दुसऱ्याच्या प्रार्थनेला मज्जाव केला की काय होते, याचा धडा मराठवाड्याला चांगला माहीत आहे, आणि रमजानच्या पानावर तो सांगितला जाणे योग्यच आहे. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात, औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतले हिंदू विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हणत होते. त्यावर बंदी आली. मुलांनी ऐकले नाही, तेव्हा त्यांना वसतिगृहांतून आणि पुढे शिक्षणातूनही बाहेर काढण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यातल्या अनेकांना दार उघडले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. तिथे दंडुका मुसलमान राजवटीच्या हातात होता, आणि म्हणून तो कमी चुकीचा ठरत नाही. मुलगा आपल्या खोलीच्या चार भिंतींत, कोणाला इजा न करता जे म्हणतो, त्याची चौकशी करायला प्रशासनाने जाऊ नये, हा नियम धर्म पाहून बदलता येत नाही.

१६ मार्च २०२४ च्या रात्री, रमजान सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, अहमदाबादच्या गुजरात युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहात परदेशी विद्यार्थी आवारात तरावीहची नमाज पढत होते. बाहेरून आलेल्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला, खोल्यांची आणि वाहनांची मोडतोड केली. जखमींना इस्पितळात न्यावे लागले. पोलिसांनी अटकाही केल्या. त्यानंतर विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांना दुसऱ्या वसतिगृहात हलवले. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्या क्षणी ते बरोबर असेल. तरी मार खाल्लेल्याने खोली बदलायची, हा तोडगा आपल्याकडे फार लवकर सुचतो.

मुंबईच्या आयआयटीतला प्रसंग त्याहून सौम्य, पण मेसच्या दृष्टीने अधिक विचार करण्यासारखा आहे. २०२३ मध्ये तिथल्या तीन वसतिगृहांच्या मेसमध्ये सहा टेबले फक्त शाकाहारी जेवणासाठी राखीव ठरवली गेली. निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. माशाचा किंवा मटणाचा वास सहन होत नाही, असे एखाद्या मुलीने म्हटले तर ते तिचे ढोंग नसते, हे मांसाहाऱ्यांनी मान्य करायला हवे. वाढण्याचे काउंटर वेगळे असावे, पळ्या वेगळ्या असाव्यात, भांडी वेगळी घासली जावीत. यात कोणाचे काही जात नाही. टेबलावर पाटी लागली की मामला पंगतीचा होतो, आणि पंगतीचा मामला महाराष्ट्रात शंभर वर्षे जुना आहे. ताट वेगळे चालेल, पंगत वेगळी नको. सहरीसाठीही हेच लागू आहे. हलाल मटणाचा हट्ट सहरीला करण्याचे कारण नाही. अंडी, डाळ, भाजी यांवर रोजा उत्तम होतो, आणि जिथे मेस मुळातच शाकाहारी आहे तिथे मुस्लिम मुलांनी ती तशीच स्वीकारावी.

मुस्लिम विद्यार्थ्यांच्या बाजूनेही काही गोष्टी सांगायच्या राहतात. पहाटे साडेतीनला पाच मोबाईलचे गजर एकामागून एक वाजवणे, कॉरिडॉरमध्ये मोठ्याने हाका मारत मित्रांना उठवणे, परीक्षेच्या आठवड्यात दुसऱ्याच्या दारासमोर चपलांचा ढीग लावून तरावीह पढणे, हे इबादतीत येत नाही. शेजाऱ्याचा हक्क हा इस्लाममध्ये फार वरचा हक्क आहे आणि रूममेटपेक्षा जवळचा शेजारी कोण असतो? दुसरे म्हणजे रोजा न ठेवणाऱ्या मुस्लिम मुलाला टोमणे मारणे. तो आजारी असेल, पेपरला बसायचा असेल, किंवा त्याची श्रद्धाच तितकी नसेल. तो हिशेब त्याचा आणि त्याच्या रबचा. वसतिगृहात हा दबाव असतो आणि तो नाही असे सांगणारे खोटे बोलतात.

इफ्तार पार्ट्यांबद्दलही थोडे बोलायला हवे. रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी स्थानिक पुढारी वसतिगृहाच्या हॉलमध्ये इफ्तार देतो. फळांची ताटे, सरबत, डोक्यावर रुमाल बांधलेले पाहुणे, फोटो, दुसऱ्या दिवशी बातमी. वाईट काही नाही, फळे चांगली असतात. पण इफ्तारला कॅमेरा येतो, सहरीला कोणी येत नाही. एका संध्याकाळच्या या खर्चात त्या वसतिगृहातल्या सगळ्या रोजेदारांची महिनाभराची पहाटेची सोय बहुधा झाली असती. पुढाऱ्यांना दानच करायचे असेल तर त्यांनी मेसच्या खात्यात पहाटेच्या दुधाचे पैसे भरावेत. अर्थात त्याचा फोटो येणार नाही.

प्रत्यक्षात करायचे काय, तर फार थोडे. खरी अडचण पैशाची नाही, स्वयंपाक करणाऱ्या माणसांची आहे. मेसच्या मावशी रात्री दहाला भांडी आवरून घरी जातात. त्यांना पहाटे साडेतीनला बोलवा असे म्हणणे सोपे आणि निर्दयी आहे. म्हणून रात्रीच्या जेवणाबरोबरच सहरीचा डबा भरून ठेवावा. पोळ्या, टिकेल अशी कोरडी भाजी, उकडलेली अंडी किंवा दही, केळे, खजूर. डबे मेसच्या फ्रिजमध्ये राहावेत. पहाटे चार ते सव्वापाच मेसचा हॉल उघडा असावा, दिवे लागलेले असावेत, भाजी गरम करायला एक मायक्रोवेव्ह आणि चहाला एक शेगडी असावी. किल्ली विद्यार्थ्यांच्या मेस कमिटीकडे असावी आणि झाडलोट रोजेदारांनी स्वतः करावी. परीक्षेसाठी रात्र जागवणारी मुलेही त्या चहाला येतील, हे ओघाने आलेच. यायलाच हवीत.

पैशाचा हिशेब असा की रोजेदार दुपारचे जेवण घेत नाही. बहुतेक मेसमध्ये सूट मिळते ती सलग काही दिवस पूर्ण गैरहजर राहिल्यास. एका वेळच्या जेवणाची सूट नसते. तेव्हा दुपारच्या ताटाऐवजी सहरीचा डबा, अशी सरळ अदलाबदल करावी. कंत्राटदाराचे नुकसान नाही, विद्यार्थ्याला उपकार नको. ज्या मुलाचे शिक्षण शिष्यवृत्तीवर किंवा शासनाच्या निर्वाह भत्त्यावर चालते, त्याला मेसचे बिल भरून वर रोज पहाटे बाहेरच्या हॉटेलचा खर्च करायला लावणे बरे नाही. मुलगे हसत हसत तो करतात, म्हणून तो दिसत नाही इतकेच.

खोल्यांच्या वाटपाचा मुद्दा वेगळा लेख मागतो, तरी त्याला स्पर्श केल्याशिवाय हे अपुरे राहील. नावावरून जोड्या लावण्याची सवय अनेक कार्यालयांत आहे. दोन मुस्लिम मुली एका खोलीत, दोन जैन मुली एका खोलीत, ‘सोयीसाठी’. हेतू वाईट नसतो. पहिल्या वर्षी वाटप चिठ्ठ्या टाकून व्हावे, दुसऱ्या वर्षी ज्याला ज्याच्याबरोबर राहायचे त्याने राहावे. वसतिगृहाची जागा न मिळालेल्या मुस्लिम मुलाला बाहेर खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर ‘कालच गेली हो’ हे उत्तर किती दारांत मिळते, ते शहरातल्या घरमालकांना ठाऊक आहे. दलित मुलांचा, एकट्या राहणाऱ्या मुलींचा अनुभव फारसा निराळा नाही. ज्यांच्यासाठी शहराची दारे अर्धवट उघडतात, त्यांना आवारातली कॉट म्हणजे पदवीच असते. म्हणून जागा वाढवण्याची मागणी कोणत्याही एका समाजाची नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पुढच्या वर्षी तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. २०३० या एका सालात तो दोनदा येईल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा. म्हणजे कधी दुसऱ्या सत्राच्या परीक्षा, कधी पहिल्या, कधी स्नेहसंमेलन. दर वेळी अर्ज, दर वेळी रेक्टरांची मर्जी असे चालवण्यापेक्षा हे मेसच्या करारातच लिहिलेले बरे. नव्या शैक्षणिक वर्षासाठी मेसच्या निविदा उन्हाळ्याच्या सुट्टीत निघतात, तेव्हा मुले गावी असतात आणि मेस कमिटीची मुदत संपलेली असते. उपवासाचे ताट, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि सहरीचा डबा ही तीन कलमे त्या कागदात घालायची असतील, तर अर्ज ईदच्या आधी, सगळे विद्यार्थी आवारात असतानाच द्यावा लागेल. त्यावर सह्या फक्त रोजेदारांच्या नसाव्यात.